वरून रंगवलंत, खालून कोण रंगवणार?

(हातात प्लायची फळी. तिची खालची बाजू कॅमेऱ्याकडे.)

ही बघा. कोरी. परवा एका प्रेक्षकाने आपल्या लेआउटचा, म्हणजे टेबलावर मांडलेल्या मॉडेल रेल्वेचा फोटो पाठवला. डोंगर, माडांची रांग, चिऱ्याची भिंत, झकास काम. मी म्हटलं, खालून एक फोटो काढा. आला तो असा, कोराच्या कोरा. आणि तक्रार काय? जुलै लागला की गाडी ठरावीक जागीच रुळावरून उतरते.

नमस्कार मंडळी. लेआउटचं टेबल कसं बांधायचं, रोडबेड, म्हणजे रुळाखालचा थर, कसा घालायचा, हे सगळेच विचारताहात. सांगाडा पटकन उरकतो.

चवथीला गणपतीवर फळं-फुलं टांगायची माटोळी बांधतो ना? तिची ती लाकडी चौकट पायांवर ठेवली की झाला ओपन ग्रिड. लहान लेआउटला पुरतो. मोठा असेल तर एल-गर्डर. ही पद्धत अमेरिकेत 'मॉडेल रेलरोडर' मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी रूढ केली. एक पट्टी उभी, तिच्या माथ्यावर दुसरी आडवी, फेविकॉल आणि स्क्रू. अशा दोन तुळया, त्यांच्यावर आडवे वासे, साधारण 40 सेंटीमीटरवर एकेक. वाशांचे स्क्रू खालून मारा. उद्या वासा पॉइंटच्या, म्हणजे गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्याच्या, मोटरच्या आड आला, तर वरचं काही न मोडता सरकवता येतो. टेबलाची उंची छातीच्या जरा खाली, रुंदी हात पोचेल एवढी, 75 सेंटीमीटरच्या पुढे नको. पाणसळ लावून बघा. झालं. आमच्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, अर्ध्या दिवसात करून दिलं आणि मग विचारलं, "पण ह्यावर निजणार कोण?"

वाशांवर उभे ठोकळे, ठोकळ्यांवर 12 मिलिमीटर प्लाय, रुळाच्या वाटेपुरतंच कापलेलं. प्लायवर कॉर्क, कॉर्कवर रूळ. आता खरा विषय, प्लाय.

"मी बीडब्ल्यूपी प्लाय घेतलंय, मला रंगाची गरज नाही." ही कमेंट दर व्हिडिओखाली असतेच. अहो, बीडब्ल्यूपी म्हणजे उकळत्या पाण्यातही आतला गोंद सुटत नाही. गोंद! थर सुटणार नाहीत, एवढीच ती हमी. लाकूड दमट हवा पितं ते पितंच. गोव्यात जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरा येतो, मिठाची बरणी पाझरते, आणि तुमचं प्लाय तेवढं कोरडं राहणार?

माझीच गोष्ट. पहिला लेआउट फोंड्याच्या जुन्या घरात, पडवीलगतच्या खोलीत, वर मंगळुरी कौलं. दोन प्लायची शिवण नेमकी लेआउटवरच्या करमळी स्टेशनच्या फलाटासमोर आलेली. चवथीला भाचे जमले, गाडी सोडली, आणि प्रत्येक फेरीला करमळीला तिसरा डबा आडवा. मी चाकं बदलली, रूळ घासले, इंजिनाला शिव्या घातल्या. शेवटी धाकट्या भाच्याने बोट फिरवलं आणि म्हणाला, "मामा, हांगा उंच लागता." शिवणीवर दोन्ही कडा फुगून वर आल्या होत्या. कॉर्कने तो उंचवटा झाकला नाही, तसाच वर पोचवला. एचओच्या, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान मापाच्या, चाकाची रुळाच्या आत उतरणारी कड असते जेमतेम 0.6 मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरचा उंबरठा तिला पुष्कळ झाला.

म्हणजे सांभाळायच्या त्या प्लायच्या कडा. करवतीने कापलेली कड म्हणजे उघडी नळ्यांची मोळी, सगळ्यात जास्त पाणी तिथून. तिला प्रायमरचे दोन हात द्या. आणि दोन प्लायच्या मध्ये व्हिजिटिंग कार्ड बसेल एवढी फट ठेवा. जानेवारीत घट्ट बसवलंत तर जुलैत ती एकमेकांना ढकलणार.

आणि खालची बाजू. पुन्हा तेच सांगतोय, माहीत आहे. वर रंग, कॉर्क, फेविकॉल, खडी, सगळं बंद. खाली उघडं. दमट हवा एकाच बाजूने आत शिरते, ती बाजू फुगते, दुसरी नाही, आणि फळी वाकते. उन्हात टाकलेला पापड आठवा. खरी रेल्वेसुद्धा रुळाखालच्या भरावात पाणी मुरू नये म्हणून कडेने गटारं काढते. कोकण रेल्वेच्या कापणीतून जाताना खिडकीतून बघा, दिसतील. आपण वरची खडी तेवढी हुबेहूब करतो.

एमडीएफ, ती लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी? नको. एकदा फुगलं की परत बसत नाही.

खडीवरून आठवलं. "तुमच्या रुळाची रुंदी भारतीय ब्रॉडगेजला चुकीची आहे" असं लिहिणारे एक काका आहेत. काका, बरोबर आहे तुमचं. 1676 मिलिमीटर भागिले 87, येतात सव्वाएकोणीस, आणि बाजारात एचओचा रूळ साडेसोळाचा. हाताने रूळ ठोकायची तयारी आहे? माझी नाही. आणि लेआउटवर दूधसागरचा घाट मागणाऱ्यांना एवढंच: कुळे ते कॅसलरॉक चढ आहे 37 ला 1, म्हणजे 37 पुढे गेलं की 1 वर. एका रुळावरून दुसरा न्यायला साडेसात सेंटीमीटर उंची धरा, म्हणजे पावणेतीन मीटर नुसती चढण. आधी खोली मोजा.

तर क्रम असा. प्लाय कापा, मग सहाच्या सहा बाजू रंगवा, स्क्रूची भोकंही आधी पाडून त्यांत ब्रश फिरवा, आणि मगच ठोकळ्यांवर चढवा.

"आमचा बांधून झालाय, आता काय?" आता चटई घ्या आणि टेबलाखाली उताणे झोपा. गेल्या फेब्रुवारीत मी तेच केलं, दोन दिवस. चष्मा घाला, प्रायमर डोळ्यात टपकतो. शेजारची मुलगी दारातून बराच वेळ बघत होती. शेवटी आईला हाक मारून म्हणाली, "मामा गाडयेखाला पडला!"