बांगलादेशाची शिवण

(इचलकरंजीतील एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, इचलकरंजीत कापडावर बोलायला उभं राहताना दडपण येतं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून या गावाचं पोट मागावर चालतं. सूत कधी महागलं, मजुरी कधी वाढली, मंदी कशी येते हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून मी कापडाच्या पुढचा टप्पा घेतला आहे, शिलाईचा. आणि देश घेतला आहे बांगलादेश.

त्याला एक घरचं कारण आहे. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचे खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत होतो. मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. वडील त्यांतले एक. आईने साड्यांना फॉल-बिडिंग करायला घेतलं आणि त्या कामावर घर तगलं. पुढे अर्थशास्त्र शिकताना माझ्या लक्षात आलं, की आमच्या चाळीत चूल अशी जेमतेम पेटत होती त्याच सुमारास चितगावजवळ कालूरघाटला शर्टांचा एक कारखाना बाळसं धरत होता. त्यांनी आमचं काम हिरावलं असं मी म्हणत नाही. आमच्या गिरण्या सूत आणि कापड काढत होत्या, ते शर्ट शिवत होते. पण माझ्या आईला जे काम घरात, सुट्या नगावर, हिशेबाबाहेर करावं लागलं, तसलं सुईदोऱ्याचं काम तिथल्या लाखो बायकांनी कारखान्यात पगारावर केलं. हा फरक का पडला, हे मला अनेक वर्षं छळत आलं आहे.

त्या कारखान्याचं नाव देश गारमेंट्स. काढणारे नुरुल कादेर, माजी सनदी अधिकारी. त्यांनी दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि १९७९ मध्ये १३० माणसं सहा महिन्यांसाठी पुसानला शिकायला पाठवली. देवूला बांगलादेशाचा कळवळा होता असं नाही. १९७४ च्या बहुधागा करारानुसार श्रीमंत देशांनी कुठल्या देशाचे किती कपडे घ्यायचे याचा कोटा बांधून दिला होता. कोरियाला त्याची अडचण होऊ लागली होती, आणि बांगलादेशावर तेव्हा कोटाच नव्हता. गरीब देशांचा माल अडवायला घातलेला बांध असा एका आणखी गरीब देशाच्या शेतात पाणी सोडून गेला.

१९८० साली देश गारमेंट्सने ४३ हजार शर्ट विकले, किंमत सुमारे ५५ हजार डॉलर. १९८७ साली हाच आकडा २३ लाख शर्टांवर गेला. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. पुसानला गेलेल्या १३० जणांपैकी ११५ जण त्या दशकात कंपनी सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. मालकाच्या दृष्टीने हे नुकसानच, पण देशभर कसब पसरलं ते या माणसांच्या पायांनी.

कसब असलं तरी भांडवल कुठून आणायचं? इथे सरकारने आणि बँकांनी दोन सोयी केल्या. निर्यातीसाठी आणलेलं कापड जकात न भरता गोदामात ठेवता येऊ लागलं. आणि परदेशी ग्राहकाचं पतपत्र, म्हणजे त्याच्या बँकेने दिलेली पैशांची हमी, बँकेत दाखवलं की त्याच्या जोरावर कापडासाठी दुसरं पतपत्र मिळू लागलं. कापड उधारीवर आणा, शर्ट शिवून पाठवा, पैसे आले की कापडवाल्याचे फेडा. तुमच्यापैकी ज्यांनी सुताच्या उधारीवर माग चालवले आहेत, त्यांना या सोयीची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

आपल्याकडे त्याच काळात तयार कपडे लघुउद्योगासाठी राखीव होते. गुंतवणुकीला मर्यादा होती आणि मोठं व्हायचं तर निर्यातीची अट पत्करून परवानगी काढावी लागे. हे आरक्षण २००१ मध्ये उठू लागलं. छोट्या माणसाचं रक्षण व्हावं हा हेतू खरा होता, त्याबद्दल मला आदर आहे. पण परिणाम असा झाला, की कारखाना वाढवण्यापेक्षा तो तुकड्यातुकड्यांत मांडणं सोयीचं ठरलं. एक लाख शर्ट एका मापाचे, एका तारखेला मागणारा ग्राहक अशा तुकड्यांकडे कशाला येईल?

आता गरिबीकडे येऊ. बांगलादेशाच्या स्वतःच्या दारिद्र्यरेषेनुसार २००० साली शंभरातली जवळपास ४९ माणसं गरीब होती. २०२२ च्या पाहणीत हे प्रमाण १८.७ वर आलं. हे सगळं श्रेय शिलाईला देणारे मला भेटतात, आणि मी त्यांना दर वेळी थांबवतो. नळकूपांच्या पाण्यावर बोरो भाताचं पीक वाढलं, आखातात गेलेल्या माणसांनी घरी पैसे पाठवले, स्वयंसेवी संस्थांनी गावोगाव आरोग्य आणि छोटी कर्जं पोचवली. या सगळ्यांची भर त्यात आहे. मात्र शिलाईने एक गोष्ट केली जी भाताने केली नसती. सुमारे ४० लाख कामगारांचा हा धंदा, त्यांत बहुसंख्य बायका. ज्या समाजात मुलीने उंबऱ्याबाहेर पडणं हाच चर्चेचा विषय होता, तिथे सकाळी डबा हातात घेऊन ढाक्याजवळच्या आशुलियाच्या रस्त्याने बायकांचे लोंढे निघू लागले. कारखान्यांजवळच्या गावांत मुलींची लग्नं लांबली, शाळा जास्त वर्षं टिकली, कारण लिहिता-मोजता येणाऱ्या मुलीला काम मिळतं हे आईबापांना दिसलं. हे बदल मी फार मोठे मानतो. जागतिकीकरण म्हणजे निव्वळ लूट, असं म्हणणाऱ्या माझ्या मित्रांनी या मुलींपैकी एकीला तरी परत गावी जाशील का, म्हणून विचारावं.

आणि ज्यांना इतकं ऐकून समाधान झालं असेल त्यांनी २३ एप्रिल २०१३ हा दिवस पाहावा. ढाक्याजवळ सावार इथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले, आणि त्यांवर कारखान्यांची यंत्रं, जनरेटर. त्या दिवशी भिंतींना आणि खांबांना तडे दिसले. लोकांना बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खालची बँक बंद राहिली, दुकानं बंद राहिली. वरच्या पाच शिलाई कारखान्यांतल्या कामगारांना मात्र आत बोलावलं. आला नाहीत तर महिन्याचा पगार कापू, असं काहींना सांगण्यात आलं. नऊच्या सुमारास वीज गेली, जनरेटर सुरू झाले आणि इमारत खाली आली. ११३४ माणसं गेली.

एकाच इमारतीत, एकाच सकाळी, एकाच तड्याकडे पाहून बँकेचे कर्मचारी घरी राहू शकले आणि शिलाईवाल्या बायका राहू शकल्या नाहीत. तडा दोघांनाही दिसला होता. नाही म्हणायची ऐपत एकाच बाजूला होती. वाढीचा दर, निर्यातीचा आकडा, दरडोई उत्पन्न या कशातही ही ऐपत मोजली जात नाही, आणि माझ्या मते गरिबी म्हणजे पहिल्यांदा हीच.

त्याआधी पाचच महिने, २४ नोव्हेंबर २०१२ ला, आशुलियातल्या ताजरीन फॅशन्सच्या आगीत शंभराहून जास्त माणसं जळाली होती. तेव्हा फारसं हललं नाही. राणा प्लाझानंतर मात्र मे महिन्यात कामगार संघटना आणि परदेशी ब्रँड यांच्यात करार झाला. ऐच्छिक नियमावल्या पूर्वीही पुष्कळ होत्या. हा करार कायद्याने बांधणारा होता. सोळाशेंवर कारखान्यांची तपासणी झाली, आगीचे दरवाजे बसले, खांबांना आधार मिळाला. किमान वेतनही असंच वाढलं. बांगलादेशाच्या चलनात, २०१० मध्ये महिना ३,००० टका, २०१३ मध्ये ५,३००, २०१८ मध्ये ८,०००, २०२३ मध्ये १२,५००. यातली जवळजवळ प्रत्येक वाढ रस्त्यावरच्या आंदोलनानंतरची आहे. २०२३ मध्ये मागणी २३ हजारांची होती आणि त्या आंदोलनात माणसं मेली.

धोका कुणाच्या अंगावर पडतो, हे कोरोनात पुन्हा दिसलं. मार्च २०२० मध्ये ब्रँडांनी तीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीच्या ऑर्डरी रद्द केल्या किंवा थांबवल्या. कापड कारखानदाराने आपल्या नावावर आणलेलं, काही माल तर शिवून तयार. ग्राहक पैसे देतो ते माल पोचल्यावर. म्हणजे ज्या पतपत्राने भांडवल नसलेल्या माणसाला कारखानदार केलं, त्याच व्यवस्थेत दुकान पॅरिसमध्ये बंद झालं तरी कर्ज ढाक्याजवळच्या गाझीपूरमध्ये उरतं. आणि कारखानदार ते खाली, शिलाईच्या रांगेपर्यंत ढकलतो.

मग आपण तो शर्ट घ्यायचा की नाही, असा प्रश्न मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारला. त्याचं उत्तर म्हणून एक घटना सांगतो.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरांनी बनवलेला माल रोखणारं विधेयक मांडलं. ते मंजूरही झालं नव्हतं. पण नुसत्या धास्तीने बांगलादेशातल्या मालकांनी मुलांना काढून टाकलं. सुमारे पन्नास हजार मुलं, बहुतेक मुली, रातोरात बाहेर. या मुली शाळेत गेल्या असतील असं दूर बसून वाटतं. युनिसेफने शोध घेतला तेव्हा त्यांतल्या कित्येक जणी खडी फोडताना, रस्त्यावर फेरी करताना, काही वेश्याव्यवसायात सापडल्या. हेतू स्वच्छ होता, पण मुलगी कारखान्याच्या दारातून बाहेर पडली की पुढे कुठे जाणार याचा विचारच कुणी केला नव्हता.

जुलै १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून करार केला. त्यात क्रम उलटा केला होता. नव्याने मूल कामावर घ्यायचं नाही. जे आहे त्याच्यासाठी शाळेत जागा होईपर्यंत त्याला काढायचं नाही. शाळेत गेल्यावर बुडालेल्या कमाईपोटी घरी महिना ३०० टका द्यायचे. आणि मूल वयात आलं की काम परत मागायला आल्यास दार उघडं ठेवायचं.