ग्वाल्हेरचा खोकला मोजतं कोण?

जानेवारीतली सकाळ, साडेसात वाजलेत, धुकं एवढं की महाराज बाड्याच्या चौकात उभं राहून समोरचं पोस्ट ऑफिस दिसत नाहीये. चहावाला खोकतोय, गिऱ्हाईक शिंकतंय. इकडे लष्कर भागात आमच्या घरी आजी रजईत, कपाळाला विक्स, गॅसवर आलं-मिरीचा काढा, आणि तिचं ठरलेलं वाक्य, "थंडी बाधलीय रे, तीन दिवसांत उतरेल." बहुतेक वेळा उतरतंही. पण असं घरच्या घरी जे उतरतं ते कुठेच लिहिलं जात नाही, नाक्यावरच्या मेडिकलवरून चार गोळ्या आणल्या की तो ताप सरकारी हिशोबात आलाच नाही समजा.

त्यात आपला ग्वाल्हेरचा मेळा. १९०५ मध्ये महाराज माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला, आणि भरतो तो ऐन थंडीत. कुडकुडत सॉफ्टी, म्हणजे कोनातलं आइस्क्रीम, खायची हा खास ग्वाल्हेरी वेडेपणा, मग घरी आल्यावर सगळे सॉफ्टीलाच शिव्या देतात. अहो सॉफ्टीने फ्लू होत नाही, तो होतो लाइनीत मागे उभा राहून खोकणाऱ्यामुळे.

मग मोजतात कसं? देशात २००४ पासून आयडीएसपी नावाचा कार्यक्रम आहे, साथींवर नजर ठेवणारा. तीन फॉर्म असतात, एस, पी आणि एल. गावपातळीवरच्या सिस्टर नुसती लक्षणं बघून एस भरतात, डॉक्टर तपासून पी भरतात, आणि लॅबने शिक्कामोर्तब केलं की एल. आधी कागदावर आठवड्याचा हिशोब जायचा, २०२१ पासून देशभर आयएचआयपी नावाच्या ऑनलाइन पोर्टलवर जातो. आणि प्रत्येक शिंक मोजत नाहीत बरं का. ३८ डिग्री किंवा जास्त ताप, सोबत खोकला, सुरू होऊन दहा दिवसांच्या आत, तर तो आयएलआय, म्हणजे फ्लूसारखा आजार. त्यातच ॲडमिट करायची वेळ आली की 'सारी' (SARI), म्हणजे श्वसनाचा गंभीर आजार.

आता लॅबसाठी घेतात तो स्वॅब बघा. काडी नाकात एवढी आत जाते की भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, मग ती गुलाबी पाण्याच्या नळीत मोडून टाकायची, झाकण घट्ट, आणि नळी बर्फाच्या डब्यात, २ ते ८ डिग्रीत. बाहेर थंडी आहे म्हणून डबा उघडा ठेवला असं चालत नाही.

आणि तपासणीच्या बाबतीत आपलं गाव काही मागास नाही. डीआरडीई, म्हणजे डीआरडीओ ह्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेची लॅब, इथलीच, १९४७ मध्ये महाराज जिवाजीरावांच्या नावाने निघालेली इंडस्ट्रियल रिसर्च लॅब ती हीच. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हा तिथे सॅम्पल तपासले गेले.

पण सगळा हिशोब दिल्ली-पुण्याचाच का नाही लावायचा? कारण फ्लूचा सीझन सगळीकडे एक नाही. श्रीनगरला तो थंडीत चढतो, पुण्यात पावसाळ्यात जास्त, आणि देशाचा एकूण हिशोब काढला तर दोन चढ दिसतात, एक पावसाळ्यात आणि नंतर, दुसरा जानेवारी ते मार्च. लस कुठल्या महिन्यात घ्यायची ते ह्यावर ठरतं, त्यामुळे पुण्याच्या आत्याचं बघून इथे लस घेण्यात अर्थ नाही.

मोजणी चालू असली की घाबरगुंडी पण कमी होते. जानेवारी २०२५ आठवतोय? एचएमपीव्ही, एचएमपीव्ही म्हणून फॅमिली ग्रुपवर नुसता धुमाकूळ. खरं तर हा सर्दी-खोकल्याचा व्हायरस २००१ मध्येच सापडलेला, आणि बातम्यांतली बेंगळुरूची ती दोन बाळं आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नेहमीच्या तपासणीतच पॉझिटिव्ह निघाली होती.

हां, भोकं आहेत. मेडिकलवाली गोळी सुटते, गल्लीतले कितीतरी खासगी दवाखाने सुटतात. म्हणून एकूण पेशंट किती ह्या आकड्यावर मी तरी फार विसंबत नाही, मागच्या वर्षी ह्याच आठवड्यात किती होते आणि आता चढतंय का ते बघायचं.

आजीचं सांगायचं राहिलं. तीन दिवसांत उतरलं नाही, पाचव्या दिवशी धाप लागायला लागली तेव्हा कुठे दवाखान्यात यायला तयार झाली. खिडकीवरच्या बाईंनी वय विचारलं. आजी ८१ची आहे. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "सत्तर लिहा." बाईंनी ७० लिहिलं.