संपादकांचे 'आम्ही'

पत्रिकेत विषय छापलाय, 'आम्हीकडून आपणकडे: मराठी वृत्तपत्रांतील एका सर्वनामाचा प्रवास'. 'आपण'कडे येतोच, पण आधी 'आम्ही'.

जुनी फाईल कुठलीही उघडा, 'ज्ञानप्रकाश' घ्या नाहीतर 'केसरी'. 'आम्हांस असे कळते', 'आमच्या मते', 'आम्ही मागील अंकी लिहिलेच आहे'. लिहिणारा एकटा, खोलीत दुसरं कोणी असलंच तर ढेकूण. (हसा, हसा. हा विनोद मी दर ठिकाणी करतो.) इंग्रज संपादकही असंच लिहीत, हे मान्य. पण मराठीत ते नुसतं उसनं राहत नाही, कारण आपल्याकडे दोन शब्द आहेत. 'आम्ही जेवायला चाललोय' आणि 'आपण जेवायला चाललोय' यांतला फरक दारात उभ्या पाहुण्याला विचारा! संपादकांनी 'आम्ही' निवडलं, म्हणजे वाचकाला उंबऱ्याबाहेर ठेवलं, हे माझं म्हणणं.

माझा या शब्दावर राग आहे असं समजू नका. उलट, एका दैनिकाने माझ्या लेखातली सगळी 'आम्ही' नियमाने 'मी' करून टाकली. त्या झपाट्यात 'आमचं लग्न झालं'चं 'माझं लग्न झालं' झालं. बायकोने तो अंक जपून ठेवलाय. भांडणात पुरावा म्हणून निघतो. उपसंपादकाला फोन केला तर म्हणाला, "सर, आमचं धोरणच तसं आहे." आमचं!

असो. 1882 सालाकडे या. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्याविरुद्धची काही पत्रं 'केसरी' आणि 'मराठा'ने छापली. पत्रं बनावट निघाली, अब्रूनुकसानीचा खटला झाला. 'केसरी'चे संपादक आगरकर, 'मराठा'चे टिळक. दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि सूट मिळून एकशे एक दिवस डोंगरीत काढावे लागले. सुटल्यावर आगरकरांनी पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस'. हा 'आमचे' बघा. मराठी पत्रकारितेतला हा मोजून घेता येणारा 'आमचे' आहे, माणसं दोन, कोठडी एक. आणि पाच वर्षांत तोच फुटला. सामाजिक सुधारणांवरून बिनसलं, 1887 साली आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले, पुढच्या वर्षी 'सुधारक' निघाला. आता पुण्यात दोन 'आम्ही' झाले, एकमेकांना खोडणारे. तोवर 'केसरी'च्या वाचकाला आतल्या कुरबुरीतला 'आम्ही' नक्की कोणाचा, हे कसं कळणार?

कायद्याला मात्र हे सर्वनाम चालत नसे. 1867च्या कायद्याने अंकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव बंधनकारक केलं होतं. बेडी पडायची ती एका मनगटात. 22 जुलै 1908ला राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीने सात विरुद्ध दोन असा 'दोषी'चा कौल दिला, आणि अग्रलेखात वर्षानुवर्षं 'आम्ही' लिहिणाऱ्या टिळकांना कोर्टात उभं राहून 'मी निर्दोष आहे' असं एकवचनात सांगावं लागलं. मुंबई हायकोर्टात ते शब्द संगमरवरावर कोरलेत. गेलात तर वाचा.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, पाच मिनिटं. म्हणजे 'आपण' आता धावत.

31 जानेवारी 1920ला डॉ. आंबेडकरांचं 'मूकनायक' निघालं. तिथे 'आम्ही'चा अर्थच उलटा होतो. इतरांनी ज्यांना आपल्या 'आपण'मध्ये कधी घेतलंच नाही, त्यांचा हा 'आम्ही'. हा उंबरा त्यांनी घातलेला नव्हता. शीर्षावर तुकोबांचा अभंग, 'काय करूं आतां धरूनिया भीड', तोही एकवचनी. यावर खरं तर तासभर बोलायला हवं होतं. तो तास मी लग्नात घालवला.

राहिला आजचा 'आपण'. वाहिन्यांवर 'आपण पाहतोय' म्हणतात, लगेच 'आपण पाहत राहा'. पहिला 'आपण' सगळे मिळून, दुसरा नुसता आदरार्थी तुम्ही. एका दमात आत घेतलं आणि परत सोफ्यावर बसवलं. आणि बातमी फुटली की 'सर्वात आधी आम्ही दाखवली' हे आहेच. चिठ्ठी परत आली. प्रश्न घेऊ या.