मात्रेला दोन की चार?

श्रोतेहो, नमस्कार. तळहातावर मावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्यडब्या हल्ली काही घरांत दिसतात. एकीत ठेका वाजतो, दुसरीत सूर, तिसरीत खर्ज. एकेकटी छान वाजते. पण दोन एकत्र लावल्या की पंचाईत सुरू होते. ती कशी सोडवायची, ते आज सांगतो.

ढोलपथक तुम्ही पाहिलेलंच आहे. ढोल पन्नास असले तरी लय ताशाकडून घ्यायची. प्रत्येकानं आपल्या मनातली लय धरली तर पुढच्या चौकापर्यंत सगळं विस्कटेल. डब्यांचं तसंच आहे. दोन्हींवर मिनिटाला 120 मात्रांची लय लावली आणि एक प्रत्यक्षात 120.6 नं चालत असली, तर मिनिटाभरात अर्ध्या मात्रेहून जास्त अंतर पडतं. म्हणून लय एकीनंच द्यायची, बाकीच्यांनी ती ऐकायची. पुन्हा सांगतो, लय एकीनंच द्यायची.

ही लय केबलमधून विजेच्या बारीक ठोक्यांनी जाते. मात्रेला किती ठोके, हे मात्र आधी ठरलेलं हवं. 1983 साली मिडी आलं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत, त्यात मात्रेला 24 ठोके असतात. खिशातल्या बऱ्याच डब्या 2 ठोक्यांवर चालतात.

मिडीच्याही आधी, 1982 साली, मुंबईत सिनेसंगीतात गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची टीआर-808 आणि टीबी-303 ही यंत्रं, एक ठेक्याचं आणि एक खर्जाचं, साथीला घेऊन राग वाजवले आणि तबकडी काढली होती. दोन्ही यंत्रांना लय जुळवायला पाच टाचण्यांचं गोल सॉकेट आहे. ती तबकडी 2010 मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा कुठे जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. सिनेसंगीतात वाजवणाऱ्या वादकांची नावं तबकडीच्या वेष्टनावर छापायलाच हवी होती, असं मला फार वाटतं. गायकाचं नाव मोठ्या अक्षरात, आणि ज्यानं गिटार वाजवली त्याचं कुठेच नाही!

असो. मला खरं तर डोंबिवलीतली गोष्ट सांगायची आहे.

माझ्या भाचीचा आणि तिच्या मित्राचा एका छोट्या सभागृहात कार्यक्रम होता. टेबलावर दोन यंत्रं. भाचीकडे छोटा कीबोर्ड, तो सुरावट वाजवणार आणि लय देणार. मित्राकडे ठेक्याची डबी. माझे तबल्याचे गुरुजी पहिल्या रांगेत डावीकडे, अगदी स्पीकरजवळ बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. दीपप्रज्वलन आणि सत्कार यांतच पाऊण तास गेला. ऐकायला आलेल्या माणसाला इतकं ताटकळत ठेवू नये, हे मी प्रत्येक आयोजकाला सांगत आलोय.

शेवटी वादन सुरू झालं. कीबोर्ड निवांत चालला होता आणि ठेका नुसता धावत होता. भाचीनं थांबवून पुन्हा सुरू केलं, तरी तेच. मित्रानं केबल काढून परत खोचली, तरी तेच. पोरांच्या कपाळावर घाम आला. मागून कोणीतरी म्हणालं, "मशीन बिघडलंय."

गुरुजी हात वर करून म्हणाले, "बिघडलं नाहीये. एक ठाय लयीत आहे, दुसरा दुगुनीत. लयीला दोघंही पक्के आहेत. आणि बाळ, इथे डाव्या स्पीकरमधून सारखं टकटक ऐकू येतंय, ते काय आहे?"

सभागृह शांत झालं. खरंच, सुरांच्या खाली बारीक टकटक होती. गुरुजींनी डोळे मिटले, मांडीवर बोटांनी मोजलं आणि म्हणाले, "सुरावटीच्या एका मात्रेला चार."

भाची ओरडलीच, "आजोबा, दोन हवेत!"

तिनं कीबोर्डची सेटिंग उघडली. मात्रेला 2 ऐवजी प्रत्येक पावलाला, म्हणजे पाव मात्रेला एक, असे मात्रेला 4 ठोके जात होते. डबी बिचारी दोन ठोक्यांची एक मात्रा धरायची, म्हणून दुप्पट पळायची. भाचीनं सेटिंग बदलली आणि ठेका अलगद सुरावटीखाली येऊन बसला. टाळ्या पडल्या.

गुरुजी हात वर धरूनच होते. "टकटक आहे अजून. आता मात्रेला दोन."

ती का होती? या डब्यांच्या स्टिरिओ केबलमध्ये डाव्या बाजूनं लयीचे ठोके जातात, उजव्या बाजूनं आवाज. ठेक्याची डबी शेवटची होती, तिच्यापुढे फक्त स्पीकर. पण ठोके पुढे पाठवायची सोय तिच्यात चालूच राहिली होती, म्हणून ते डाव्या स्पीकरमधून ऐकू येत होते. मित्रानं ती बंद केली. गुरुजींनी कान देऊन ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "हं, आता वाजवा."

तेव्हा तुम्ही डब्या जोडाल तेव्हा आधी मात्रेला ठोके किती ते दोन्हींकडे बघा. दोन्हींकडे बघा. आणि शेवटच्या डबीतून पुढे जाणारे ठोके बंद करा. डबीला डबी जोडायला केबल घेताना टोकावर दोन काळी वलयं आहेत ना, ते तपासा. एकच वलय असेल तर ती मोनो, तिच्यातून ठोके आणि आवाज वेगवेगळे जाणार नाहीत. आणि कार्यक्रमाला जाताना जोडीला आणखी एक केबल पिशवीत असू द्या. नमस्कार.