रिपोर्टातली 'अ‍ॅट्रॉफी'

श्रोतेहो, नमस्कार.

सत्तरीच्या माणसाचा मेंदूचा एमआरआय केला की रिपोर्टात बहुतेक वेळा एक ओळ सापडते, 'एज रिलेटेड सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी', म्हणजे वयामुळे झालेली मेंदूची झीज. ती वाचून घरच्यांच्या पोटात गोळा येतो. पण साठीनंतर निरोगी मेंदूही वर्षाला साधारण अर्धा टक्का आकसतो. तेवढ्यावरून डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, ठरत नाही.

विसरभोळेपणासाठी तपासणी असेल तर आधी पाहतात हिप्पोकॅम्पस. कानांच्या पातळीवर, मेंदूत खोल, दोन्ही बाजूंना एकेक. नव्या आठवणी पक्क्या करण्याचं काम याच्याकडे. आकार चहाच्या चमच्यात मावेल एवढा, साधारण ३ घन सेंटिमीटर. डॉक्टर त्याची झीज ० ते ४ अशा श्रेणीत मोजतात. पंचाहत्तरीच्या आत २ म्हणजे काळजीचं. त्यापुढच्या वयात मात्र २ चालून जातात.

संशोधनात मोजमाप याहून बारीक असतं. एक मिलिमीटरचे घन धरले, तर एका हिप्पोकॅम्पसमध्ये सुमारे ३००० घन बसतात. निरोगी म्हातारपणी वर्षाला त्यातले तीसेक कमी होतात, अल्झायमरमध्ये शंभर-दीडशे. सगळा निवाडा या एवढ्याशा फरकावर! म्हणून दुसरा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर, त्याच सेटिंगवर करावा. मशीन बदललं की आकडा बदलतो आणि तो आजार वाढल्यासारखा दिसतो.

सर्वांत जास्त घात होतो तो डोकं हलल्याने. मुख्य चित्र घ्यायला पाचेक मिनिटं लागतात, आणि एमआरआय तुकड्यातुकड्याने उमटत नाही, प्रत्येक क्षणाचं मोजमाप सबंध चित्रात मिसळतं. मध्येच मान हलली तर सबंध चित्र पुसट होतं. मेंदूची कड धूसर झाली की संगणक ती प्रत्यक्षाहून पातळ मोजतो. स्मृती ढासळलेली माणसंच जास्त चुळबुळतात, त्यामुळे ही चूक नेमकी आजाराच्याच बाजूने झुकते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तेव्हा आत जाण्याआधी लघवीला नेऊन आणा, पांघरूण मागा, कानात बोळे नीट बसलेत का पाहा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा घट्ट लावायला सांगा, आणि मुख्य चित्र सुरुवातीलाच घ्या म्हणावं. पेसमेकर असेल तर नोंदणी करतानाच सांगा. श्रवणयंत्र आणि निघणारी कवळी बाहेर ठेवा.

अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन, दाखवणारा पेट स्कॅन ही वेगळी तपासणी. २००४ साली पिट्सबर्गच्या संशोधकांनी त्यासाठीचं द्रव्य माणसांत वापरून दाखवलं. त्यातला किरणोत्सारी कार्बन-११ वीस मिनिटांत निम्मा होतो, म्हणून तो तिथल्या तिथेच बनवावा लागतो. नंतर आलेला फ्लोरिन-१८ निम्मा व्हायला एकशे दहा मिनिटं घेतो, म्हणून दुसऱ्या केंद्रात नेता येतो. मात्र स्मरणशक्ती ठणठणीत असलेल्या कित्येक वृद्धांतही अमायलॉइड सापडतं. नुसत्या त्या चित्रावर निदान करू नये.

आणि स्कॅननंतर फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या. फिल्मवरून घनफळ मोजता येत नाही, आणि दोन वर्षांनी तुलना करायची वेळ आली की तीच सीडी लागते.