बास्केटखालची रिकामी जागा

[दृश्य: रिकाम्या गॅलऱ्या, लाकडी कोर्टवर सराव. बुटांचा करकर आवाज.]

ऑक्टोबर महिना. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा मोसम सुरू व्हायला अजून अवकाश आहे. एकही सामना झालेला नाही, तरी पहिला कोण आणि पंचविसावा कोण हे जाहीर होऊन गेलंय. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था देशभरच्या क्रीडा पत्रकारांची मतं मागवते, बेरीज करते आणि यादी छापते. मग सामने सुरू होईपर्यंत त्या यादीवर भांडणं.

यादीचं भाकीत मात्र फार क्वचित खरं ठरतं. २००९ साली नॉर्थ कॅरोलायना मोसमाआधीही पहिल्या क्रमांकावर होतं आणि शेवटी विजेतेपदही त्यांनीच घेतलं. त्यानंतर २०२५ पर्यंत मोसमाआधी पहिला असलेला एकही संघ विजेता झाला नाही.

[दृश्य: नॉर्थ कॅरोलायनाचे फिकट निळे गणवेश.]

सगळ्यात मोठी फजिती झाली तीही नॉर्थ कॅरोलायनाचीच. २०२२ मध्ये हा संघ अंतिम सामन्यात कॅन्ससकडून ६९-७२ असा हरला. सुरुवातीच्या पाचांपैकी चौघे पुढच्या वर्षी परत येणार होते. पत्रकारांनी हिशेब केला, अंतिम फेरीतला संघ, पाचपैकी चार जागच्या जागी, म्हणजे पहिला नंबर यांचाच. २०२३ च्या मार्चमध्ये ६८ संघांची राष्ट्रीय स्पर्धा भरली तेव्हा नॉर्थ कॅरोलायना त्या ६८ मध्येही नव्हतं. १९८५ मध्ये स्पर्धा ६४ संघांची झाली, तेव्हापासून अशी वेळ मोसमाआधी पहिला असलेल्या कुठल्याच संघावर आली नव्हती. आणि त्या वर्षी जिंकलं कोण? कनेक्टिकट. मोसमाआधीच्या पंचवीस संघांत ज्याचं नावच नव्हतं, तो संघ.

चौघे परतले, मग बिघडलं कुठे? माझ्या मते उत्तर न परतलेल्या पाचव्यात आहे. ब्रेडी मॅनेक. चांगला उंच फॉरवर्ड, पण त्याचं काम बास्केटपासून लांब. तो तीन गुणांच्या रेषेबाहेर उभा राहायचा आणि तिथून बॉल अचूक टाकायचा. त्यामुळे त्याच्यावर नेमलेल्या उंच बचावपटूला बास्केट सोडून बाहेर यावं लागे. तो बाहेर आला की आत वाट मोकळी, आणि त्या वाटेवर उरलेल्या चौघांचा खेळ फुलायचा. मॅनेक गेला तशी ती मोकळी जागाही गेली.

यादीत नावं मोजता येतात. नावांच्या मधली जागा मोजता येत नाही. पण आक्रमण उभं राहतं ते त्या जागेवरच. हे ज्याने आयुष्यभर शिकवलं, तो माणूस प्रिन्स्टनचा.

[दृश्य: प्रिन्स्टन, न्यू जर्सी. दगडी इमारती, शरद ऋतूतली झाडं. मग जॅडविन जिम.]

न्यू जर्सीत मराठी वस्ती बरीच. एडिसनहून गाडीने निघालं तर प्रिन्स्टन फार लांब नाही, आणि मुलांना ते आवार दाखवून आणणं हा तिकडच्या मराठी घरांतला नेहमीचा रविवार. त्या आवारात आइन्स्टाइनचं नाव जास्त निघतं. पीट कॅरिलचं क्वचित.

कॅरिल बेथलेहेमचा. पेनसिल्व्हेनियातलं पोलादाच्या कारखान्यांचं गाव. वडील स्पेनहून आलेले, तिथल्या कारखान्यात राबलेले. मुलगा उंचीने बेताचा, तोंडात सिगार, अंगात जुनाट स्वेटर. १९६७ मध्ये तो प्रिन्स्टनचा प्रशिक्षक झाला आणि १९९६ पर्यंत, एकोणतीस मोसम, तिथेच राहिला. तेवढ्यात त्याने ५१४ सामने जिंकले.

आता त्याची अडचण समजून घ्या. प्रिन्स्टन आयव्ही लीगमध्ये, म्हणजे आठ जुन्या, नामांकित विद्यापीठांच्या गटात खेळतं, आणि आयव्ही लीग खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती देत नाही. मुलाला आधी अभ्यासावर प्रवेश मिळवावा लागतो. इतर मोठी विद्यापीठं फी, राहणं, जेवण सगळं देऊन सात फुटी पोरं उचलून नेतात. कॅरिलकडे यायची ती गणितात हुशार, उडी बेताची असलेली मुलं. धावण्यात, उडीत, ताकदीत मोठ्या संघांशी बरोबरी करायला गेलं की हरणार, हे ठरलेलं.

म्हणून त्याने सामन्याचा प्रश्नच बदलला. बुच व्हॅन ब्रेडा कोल्फ हा कॅरिलचा लाफायेत कॉलेजातला प्रशिक्षक, आणि प्रिन्स्टनमध्ये त्याच्या आधी हे पद सांभाळलेला. त्याच्याकडून मिळालेल्या कल्पनांना कॅरिलने वर्षानुवर्षं पैलू पाडले.

[दृश्य: वरून दिसणारा अर्धा कोर्ट. पाच ठिपके हळूहळू बाहेर सरकतात.]

नेहमीच्या खेळात सेंटर म्हणजे संघातला सगळ्यात उंच माणूस. तो बास्केटखाली ठाण मांडतो, बॉल त्याच्याकडे जातो आणि तो ढकलाढकलीतून गुण काढतो. कॅरिलने सेंटरला तिथून उठवला आणि फ्री थ्रोच्या रेषेजवळ आणून उभा केला. उरलेले चौघे तीन गुणांच्या रेषेच्या आसपास पसरले. बास्केटखाली कोणीच नाही.

हीच मेख. आक्रमक बाहेर गेले की बचाव करणारेही त्यांच्यामागे बाहेर जातात. बास्केटचा राखणदार आता पंधरा फुटांवर एका सेंटरला चिकटून उभा आहे, आणि तो सेंटर बास्केटकडे पाठ करून बॉल हातात घेऊन नुसता बघतोय. प्रिन्स्टनच्या सेंटरला उंचीपेक्षा नजर आणि पास जास्त लागायचा.

मग हालचाल सुरू होते. बाहेरचा खेळाडू बॉल घ्यायला सेंटरकडे दोन पावलं येतो. त्याचा बचावपटू काय करतो, यावर पुढचं सगळं ठरतं. तो मागे राहिला, तर बॉल घे आणि तिथूनच तीन गुणांसाठी टाक. तो पास अडवायला हात पसरून पुढे झेपावला, तर त्याला तशीच हूल दे, वळ आणि त्याच्या पाठीमागून बास्केटकडे पळ. सेंटरचा टप्पा पास तिथे पोचलेला असेल. याला बॅकडोअर कट म्हणतात.

बचावपटू जितका चपळ, जितका आक्रमक, तितका तो यात लवकर फसतो. पुढे झेप घेणाऱ्याचीच पाठ उघडी पडते. आणि फसल्यावर त्याची सगळी उडी, सगळी ताकद उलट्या दिशेने निघालेली असते. दोन-तीनदा असं झालं की तो धास्तावतो, एक पाऊल मागे राहायला लागतो. तेव्हा बाहेरून तीन गुण.

पाठ केलेल्या चाली यात आहेत. ‘चिन’ नावाची मालिका तर आजही शाळाशाळांतून शिकवतात. पण चालीपेक्षा वाचन मोठं. पाचही जणांनी एकाच क्षणी एकाच बचावपटूकडे बघून एकच निष्कर्ष काढायचा. एकजण चुकला तर बॉल रिकाम्या जागेत जातो आणि प्रेक्षक हसतात. हे पंधरा दिवसांच्या सरावात जमत नाही. वर्षं लागतात.

त्यात घड्याळाची साथ होती. कॉलेज बास्केटबॉलमध्ये शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत बॉल बास्केटकडे टाकायचं बंधन, आलं तेच १९८५-८६ मध्ये, आणि तेव्हा ४५ सेकंद मिळायचे. १९९३ मध्ये ३५ झाले, २०१५ मध्ये ३०. कॅरिलची पोरं त्यातला जवळजवळ प्रत्येक सेकंद वापरायची. बॉल आपल्याकडेच राहिला की समोरच्याला टाकायला संधी कमी, सामना छोटा, आणि छोट्या सामन्यात दुबळ्याचं नशीब उघडायला जरा जागा. बघायला कंटाळवाणं? अनेकांना वाटायचं. मला वाटत नाही, पण ज्यांना डंक, म्हणजे उडी मारून बॉल थेट बास्केटात कोंबणं, बघायला आवडतात त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

[दृश्य: १९८९. प्रॉव्हिडन्स. धूसर टीव्ही चित्रण.]

१९८९, राष्ट्रीय स्पर्धेची पहिली फेरी. सोळावं, म्हणजे गटातलं शेवटचं, मानांकन प्रिन्स्टन, समोर पहिलं मानांकन जॉर्जटाउन. मध्यंतराला प्रिन्स्टन २९-२१ ने पुढे! शेवटी जॉर्जटाउन ५०-४९ ने कसंबसं सुटलं, तेही त्यांच्या अलोंझो मोर्निंगने अखेरच्या क्षणांत प्रिन्स्टनच्या फेकी अडवल्या म्हणून. छोट्या लीगच्या विजेत्यांना या स्पर्धेत थेट जागा द्यावी की नाही, असा खल त्या काळी चालू होता. त्या रात्रीनंतर तो विषय काढणं अवघड झालं. सोळाव्याने पहिल्याला हरवायला मात्र २०१८ उजाडावं लागलं.

[दृश्य: १९९६. आधी बेथलेहेम, मग इंडियानापोलिस.]

मार्च १९९६. आयव्ही लीगमध्ये प्रिन्स्टन आणि पेन, म्हणजे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, बरोबरीत. निर्णायक सामना भरला बेथलेहेममध्ये, कॅरिलच्या स्वतःच्या गावात. जादा वेळेत प्रिन्स्टन जिंकलं, आणि सामन्यानंतर कॅरिलने खेळाडूंसमोर फळ्यावर खडूने लिहून टाकलं की मी निवृत्त होतोय. म्हणजे इथून पुढचा कुठलाही पराभव हा त्याचा शेवटचा सामना.

पुढचा सामना यूसीएलएशी, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाशी. आदल्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता. प्रिन्स्टनला तेरावं मानांकन.

सहा मिनिटं उरली असताना यूसीएलए ४१-३४ ने पुढे होतं. आणि त्यानंतर त्यांना एकही गुण मिळाला नाही. एकही. इकडे प्रिन्स्टन घाई न करता एकेक बास्केट जमवत ४१-४१ वर आलं. शेवटचा ताबा. बॉल सेंटर स्टीव्ह गुडरिचकडे. पहिल्या वर्षाचा गेब लुवुलिस आत पळाला, वाट मिळाली नाही, परत बाहेर आला. बचावपटूला वाटलं, संपलं. तेवढ्यात लुवुलिस पुन्हा वळला, पाठीमागून आत शिरला, गुडरिचचा टप्पा पास हातात, बोर्डवर बॉल, आणि दोन गुण. घड्याळावर ३.९ सेकंद. यूसीएलएची शेवटची फेक हुकली. ४३-४१.

सगळ्या जगाला ठाऊक होतं की प्रिन्स्टन काय करणार. तरी अडवता आलं नाही. बातम्यांमध्ये गाजलेल्या एका छायाचित्रात प्रिन्स्टनचा एक गार्ड, म्हणजे बाहेरून बॉल खेळवणारा खेळाडू, हात उंचावून हवेत झेपावलाय. त्याचं नाव मिच हेंडरसन. हे नाव पुढे लागेल.

[दृश्य: सॅक्रामेंटो किंग्जचे सामने.]

कॅरिल पुढच्या फेरीत हरला आणि घरी बसला नाही. तो एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या सॅक्रामेंटो किंग्जमध्ये साहाय्यक म्हणून गेला. तिथे ख्रिस वेबर आणि व्लादे दिवाच हे दोन उंच खेळाडू होते, आणि दोघांनाही पास देता येत होता. म्हातारबुवांना दुसरं काय हवं! हुशार पण हळू पोरांसाठी रचलेला खेळ जगातल्या सगळ्यात चपळ खेळाडूंच्या हाती पडल्यावर कसा दिसतो, ते लोकांनी सॅक्रामेंटोत पाहिलं. आज एनबीएचा कुठलाही सामना लावा. पाच खेळाडू बाहेर, आत मोकळं, पास देणारा सेंटर. कॅरिल एकटाच याचा जनक, असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण त्याचा वाटा उघड दिसतो.

कॉलेजांतही. २०२३ मध्ये विजेता ठरलेल्या कनेक्टिकटला पुढच्या मोसमाआधी पत्रकारांनी सहावा क्रमांक दिला. बरेच मोठे खेळाडू गेले होते, म्हणून. प्रशिक्षक डॅन हर्ली यांच्या आक्रमणात बॉल नसलेले चौघे कधी थांबतच नाहीत. एकाच ताब्यात स्क्रीनमागून स्क्रीन, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आडवं उभं राहणं, आणि बचावपटू वाट काढता काढता दमतो. उपांत्यपूर्व फेरीत इलिनॉयशी २३-२३ अशी बरोबरी होती, आणि तिथून सलग तीस गुण कनेक्टिकटने घेतले. ५३-२३. मोसमात ३७ विजय, ३ पराभव, लागोपाठ दुसरं विजेतेपद. माणसं बदलली होती, त्यांच्यामधली रचना नाही.

[दृश्य: सॅक्रामेंटो, मार्च २०२३.]

कॅरिल ऑगस्ट २०२२ मध्ये गेला, वयाच्या ९२ व्या वर्षी. सात महिन्यांनी प्रिन्स्टन राष्ट्रीय स्पर्धेत उतरलं. मानांकन पंधरावं, समोर दुसरं मानांकन ॲरिझोना. सामना सॅक्रामेंटोत. प्रिन्स्टनचा प्रशिक्षक मिच हेंडरसन.

शेवटच्या चार-साडेचार मिनिटांत ॲरिझोनाला एकही गुण मिळाला नाही. प्रिन्स्टनने अखेरचे नऊ गुण सलग घेतले आणि ५९-५५ असा सामना काढला. १९९६ मध्येही शेवटचे सलग गुण नऊच होते. पटकथेत लिहिलं असतं तर दिग्दर्शकाने खोडलं असतं.

खेळ जुन्यासारखा संथ नव्हता, पण मधोमध उभा राहून बॉल वाटणारा माणूस होताच. टोसान एबुमवान, इंग्लंडच्या न्यूकॅसलचा, ६ फूट ८ इंच. दोन दिवसांनी त्यांनी मिझुरीला ७८-६३ ने हरवलं आणि अंतिम सोळांत गेले. तिथे क्रेटनने रोखलं.

[दृश्य: जॅडविन जिम, सराव. गणवेश बदललेले.]

त्या संघात पहिल्या वर्षाचे दोघे होते, झेव्हियन ली आणि केडन पिअर्स. २०२४-२५ चा मोसम येईपर्यंत ते तिसऱ्या वर्षाला पोचले, आणि आयव्ही लीगच्या मोसमपूर्व अंदाजात प्रिन्स्टनला पहिली पसंती मिळाली. प्रिन्स्टन चौथं आलं.

पण खरी अडचण त्या चौथ्या क्रमांकाची नाही. २०२१ पासून खेळाडूंना एका विद्यापीठातून दुसरीकडे जाऊन लगेच खेळायची मुभा मिळाली, २०२४ मध्ये ती हवी तितक्या वेळा मिळाली. मोठी विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देतात, आयव्ही लीगने तसं न करायचं ठरवलंय. कॅरिलचं आक्रमण चार वर्षं एकत्र राहणाऱ्या मुलांवर उभं होतं. चौथ्या वर्षी कुठे ती एकमेकांच्या खांद्याची हालचाल वाचायला लागायची. आता तिसऱ्या वर्षी तयार झालेला गार्ड चौथ्या वर्षी समोरच्या गणवेशात दिसू शकतो.

ली गेला. २०२५ च्या उन्हाळ्यात त्याने फ्लोरिडा गाठलं. तोच संघ नुकताच राष्ट्रीय विजेता झालेला. ऑक्टोबरमध्ये असोसिएटेड प्रेसची नवी यादी आली तेव्हा फ्लोरिडा तिसऱ्या क्रमांकावर होतं, आणि त्या भाकिताच्या हिशेबात प्रिन्स्टनमध्ये तीन वर्षं घडलेला एक गार्डही धरलेला होता.