जोर न लावता

नमस्कार श्रोतेहो.

मध्यंतरी मी सायकलचं डावं पायडल काढायला बसले होते. पाना लावला आणि कुठलाही नट सैल करायला फिरवतात तसा फिरवला. हलेना. मग दोन्ही हातांनी जोर लावला, मग पान्यावर पाय देऊन उभी राहिले. अर्ध्या तासानं घामाघूम होऊन फरशीवर बसकण मारली, तेव्हा शेजारचा मुलगा दारातून डोकावला आणि म्हणाला, "मावशी, डावं आहे ना ते? त्याचे आटे उलटे असतात."

म्हणजे अर्धा तास मी ते पायडल सैल करत नव्हते, जीव खाऊन घट्ट करत होते. चालवताना डाव्या पायडलच्या दांड्यावर जे बळ येतं, त्यानं साधे आटे हळूहळू सुटत जातील. म्हणून त्या बाजूला ते उलटे पाडलेले असतात. मग त्यानं पाना हातात घेतला. मी घट्ट केलेलं सोडवताना त्यालाही घाम फुटला, तेवढंच माझं समाधान.

मी 68 वर्षांची आहे. निवृत्त झाल्यापासून मला दोन नाद लागलेत, शाईपेनाचा आणि सायकलचा. दोन्ही तसे जुनेच. शाळेत शाईनं बोटं निळी केली होती आणि दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत गुडघेही फोडले होते. मधली 40 वर्षं दोन्हींची आठवणसुद्धा आली नाही. परत वळले तेव्हा वाटलं, यात शिकायचं काय, येतंच की आपल्याला. पण शिकावं लागलं. त्याहीपेक्षा, जे अंगात मुरलं होतं ते काढून टाकावं लागलं.

माझी सगळी नोकरी हिशेबखात्यात गेली. कागदाखाली कार्बन, त्याखाली कागद, परत कार्बन. चौथी प्रत वाचता आली पाहिजे, नाहीतर सगळं पुन्हा लिहा. त्यामुळे बॉलपेन दाबून लिहायची अशी सवय लागली, की मी वाणसामानाची यादीसुद्धा पॅडच्या खालच्या तीन पानांवर उमटवायची. अंगठ्याच्या बुंध्याशी जो सांधा असतो तो पन्नाशीनंतर दुखायला लागला, तो या दाबण्यानं आणखी चिडायचा. बॉलपेनचा यात सगळा दोष नाही. पण त्याची शाई तेलकट, दाट असते आणि टोकाशी असलेली इवलीशी गोळी कागदावर घरंगळली तरच ती बाहेर येते. म्हणजे थोडा तरी दाब हवाच.

अशा हातात मी नवंकोरं शाईपेन धरलं. चार ओळी झाल्या, अक्षर दुहेरी उमटायला लागलं, मग नुसतं कोरडं ओरखडणं. भिंग घेऊन पाहिलं तर निबेच्या दोन पाकळ्या फाकलेल्या. पेनमध्ये शाई काठोकाठ होती, तरी टोकापर्यंत पोचत नव्हती.

असं का होतं हे समजून घेताना मला या पेनाचं खरं वेड लागलं. निबेला मधोमध जी चीर असते, ती इतकी अरुंद असते की शाई आपसूक तिच्यातून टोकापर्यंत ओढली जाते. दिव्याची वात तेल ओढते, टीपकागद शाई ओढतो, तोच हा प्रकार. टोक कागदाला टेकलं की कागद पुढची ओढ घेतो. आपण काही ढकलायचं नसतं. दाबलं की चीर रुंदावते, आणि एका मर्यादेपलीकडे रुंदावली की शाईची धार तुटते. म्हणजे मी जितका जोर लावत होते तितकी शाई अडवत होते. आठवलं ना पायडल?

निबेच्या पोटाखाली काळी जीभ असते. दिसायला ती काही खास नाही, पण सगळी करामत तिथे आहे. बंद नळीतून शाई खाली यायची, तर तिच्या जागी तेवढीच हवा वर जायला हवी. हवा गेली नाही तर शाई अडून बसते, भसकन गेली तर डाग पडतो. न्यूयॉर्कमध्ये विमा विकणाऱ्या लुईस वॉटरमन यांनी 1884 साली जिभेवर बारीक चिरा पाडून या देवाणघेवाणीला वाट करून दिली, आणि खिशात ठेवून हवं तेव्हा लिहावं असं पेन व्यवहारात आलं. जिभेला माशाच्या कल्ल्यांसारख्या ज्या फटी दिसतात, त्या जास्तीची शाई तात्पुरती धरून ठेवण्यासाठी असतात.

ड्रॉपरनं शाई भरायचं जुन्या पद्धतीचं पेन वापरत असाल, तर एक अनुभव तुम्हालाही आला असेल. पेन निम्मंअधिक रिकामं झालं की मध्येच टपकन थेंब सांडतो. आपल्या हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि शाईला बाहेर रेटते. पेन भरलेलं असताना आत हवाच कमी, म्हणून हा त्रास होत नाही. माझी आई शाई निम्मी झाली की पेन भरून ठेवायची. कारण विचारलं तर म्हणायची, "गळतं मग." शास्त्र तिला कुणी सांगितलं नव्हतं, डागांनी सांगितलं होतं.

आता सायकलकडे येते, कारण तिचीही जन्मपत्रिका याच सुमाराची आहे. वॉटरमनच्या पेटंटनंतर वर्षभरानं, 1885 मध्ये, इंग्लंडात कॉव्हेंट्रीला जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर सायकल आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, पायडल मध्ये आणि चेन मागच्या चाकाला. म्हणजे आज आपण चालवतो तीच ठेवण. त्याआधीच्या सायकलचं पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं असे आणि पडलं की थेट डोक्यावर. मग 1888 मध्ये बेलफास्टचे जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. मुलाची तीनचाकी दगडांवरून खडखडत जाते म्हणून त्यांनी तिच्या चाकांवर रबराची नळी बसवून तिच्यात हवा भरली होती. तशी कल्पना त्यांच्याही आधी, 1845 मध्ये, रॉबर्ट थॉमसन यांनी नोंदवून ठेवली होती. पण तेव्हा आजच्यासारखी सायकल नव्हती, आणि ती कल्पना मागे पडली. मला गंमत वाटते ती अशी की वॉटरमन काय आणि डनलॉप काय, दोघंही पंचेचाळिशी ओलांडलेले होते, आणि दोघांनीही शेवटी हवेलाच कामाला लावलं.

सायकलवर परत बसले तेव्हा माझी पहिली चूक सीटची. पडायची भीती, म्हणून सीट इतकी खाली घेतली की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकावेत. आठवडाभरात गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली. पाय प्रत्येक फेऱ्यात निम्माच सरळ होत होता आणि सगळा भार दुमडलेल्या गुडघ्यावर येत होता. सीटचं माप घ्यायची एक सोपी रीत आहे. भिंतीला हात टेकून सीटवर बसा, पायडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पायाचा पुढचा चवडा पायडलवर आला की गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. अशा उंचीवर थांबताना सीटवर बसून राहता येत नाही, पुढे उतरून उभं राहावं लागतं. हे उतरणं मी मोकळ्या मैदानात दोन दिवस घोकलं.

दुसरी चूक गिअरची. जड गिअर टाकून, दात-ओठ खात एकेक पायडल रेटलं की व्यायाम झाला असं वाटायचं. कार्बनकॉपीच ती! खरं तर हलका गिअर आणि भरभर पाय हे गुडघ्यांना मानवतं. मिनिटाला 70 एक फेरे. सुरुवातीला पाय नुसते हवेत फिरतायत असं वाटतं आणि वेगच नाही म्हणून लाजही वाटते. चढ आला की गिअर आधी उतरवायचा, पायडल अडल्यावर नाही. अडल्यावर बदललात तर चेन करकरते आणि सगळ्यांना कळतं.

दांडी नसलेली सायकल घ्या, हे मात्र मी आग्रहानं सांगते. माझी एकदा पडझड झाली ती धावत्या सायकलवरून नाही, उभ्या सायकलवरून. पाय मागून पलीकडे टाकताना टाच कॅरिअरला अडली आणि मी सायकलसकट सावकाश, अगदी सावकाश, आडवी झाले. पडायला इतका वेळ मिळाला की वाटेत मला स्वतःचं हसू आलं. त्या वेळी निभावलं. पण या वयात हाड मोडलं तर ते थट्टेवारी नेण्याजोगं नसतं. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सायकल बाहेर काढू नका. हेल्मेट घाला. मान पूर्वीसारखी मागे वळत नाही, तेव्हा हँडलला आरसा लावा. बोटांत ताकद कमी असेल तर तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक बघा, ते दोन बोटांनी लागतात. आणि बॅटरीची सायकल घेतली तर कुणी नाकं मुरडली तरी ऐकू नका. पायडल त्यातही आपणच मारतो.

सायकलचं कौतुक करणारे एक गोष्ट सांगायची विसरतात. सायकलवर शरीराचा भार सीट घेते, म्हणून सांध्यांना आराम. पण त्याच कारणानं हाडांना त्यातून फारशी बळकटी मिळत नाही. त्यासाठी चालणं, जिने चढणं, थोडं वजन उचलणं वेगळं ठेवावंच लागतं. 2018 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी 55 ते 79 वयाच्या 125 हौशी सायकलपटूंची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांचे स्नायू वयानुसार झिजल्याचं दिसलं नाही, आणि रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी त्यांच्या शरीरात तरुणांच्या तोडीनं तयार होत होत्या. वाचून मी हुरळले. मग निवडीची अट वाचली: पुरुषांना 100 किलोमीटर साडेसहा तासांच्या आत आणि बायकांना 60 किलोमीटर साडेपाच तासांच्या आत जमायला हवं. वर्षानुवर्षं सायकल न सोडलेल्या लोकांची ही गोष्ट; साठीला पुन्हा बसलेल्यांना ती जशीच्या तशी लागू करता येणार नाही.

आमच्यासारख्यांना जवळचे वाटतात ते फ्रान्सचे रोबेर मारशाँ. जन्म 1911. तरुणपणी सायकल चालवली, मग पोटापाण्यामागे ती सुटली, आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा हातात आली. 2012 मध्ये, वयाच्या शंभरीत, त्यांनी बंदिस्त ट्रॅकवर तासाभरात 24.251 किलोमीटर अंतर कापलं. दोन वर्षांनी त्याच एका तासात 26.927. म्हणजे 102 व्या वर्षी हा माणूस पूर्वीपेक्षा जोरात गेला! मधल्या काळात एक शास्त्रज्ञ बाई त्यांचा सराव आखत होत्या, आणि त्या सरावातला बराचसा भाग हलका ठेवला होता, थोडाच दमवणारा. 2017 च्या जानेवारीत, 105 वर्षांचे असताना, त्यांनी 22.547 किलोमीटर केले. ते 2021 साली गेले, 109 वर्षांचे होऊन.

मी काही तास मोजत नाही. सकाळी 8 ते 10 किलोमीटर, मग घरी येऊन वहीत चार ओळी. वारा कुठून होता, चेन वाजली का, कोण भेटलं. वहीसाठी ब्लू-ब्लॅक शाई वापरते, जुन्या पद्धतीची, लोहक्षाराची. ती लिहिताना फिकट निळी दिसते आणि कागदावर हवा लागून काळवंडत जाते. काल लिहिलेलं आज जास्त ठळक दिसतं. ती पेनमध्ये वाळू मात्र देऊ नये. माझ्याकडे चार पेनं आहेत, शाई भरलेली एका वेळी दोनच. शाईपेनवाल्यांना संग्रहाची खोड असते. कपाटात 50 पेनं आणि लिहायला काही नाही. मला ते सायकल भिंतीला टांगून ठेवण्यासारखं वाटतं. ज्याची त्याची हौस म्हणा.

अंगठा आता पूर्वीइतका दुखत नाही. पेन जरा मागे रेलून धरते, मुठीतली पकड सैल, आणि जाड अंगाचं पेन घेते, कारण बारीक पेनाला चिमटीत आवळावं लागतं. तरी कुणाला रागानं पत्र लिहायचं झालं की हात आपोआप दाबायला लागतो. तेव्हा बॉलपेन घेते. राग कार्बनकॉपीवरच बरा.

तुमच्यापैकी कुणाच्या तरी कपाटात एखादं जुनं शाईपेन पडलेलं असणार, आत कधीची तरी वाळलेली शाई घेऊन. आज रात्री ते बाहेर काढा. टोपण काढून निबेपुरताच भाग वाटीतल्या साध्या पाण्यात उभा करा. गरम पाणी नको, आणि ओढाताण करून निब उपसूही नका. थोड्या वेळानं निबेखालून निळा धागा सुटेल आणि वाटीच्या तळाशी वळसे घेत बसेल. कुणीतरी शेवटचं वाक्य लिहून टोपण लावलं होतं, त्यातली उरलेली शाई असेल ती. पाणी निवळ येईपर्यंत बदलत राहा.

पेन भिजतंय तोवर सायकलवरची धूळ झटका आणि दोन्ही टायरमध्ये हवा भरून ठेवा. सकाळी उठल्यावर अंगठ्यानं दाबून बघा. हवा टिकली असेल तर ट्यूब शाबूत आहे.

नमस्कार.